आपलं ठेवा

सत्यशीलाला पुण्यात येऊन तेरा वर्षं होत आली होती, तरी वडिलांचा फोन आला की तिची भाषा थेट वसमतच्या एसटी स्टँडावर उतरायची. "काय करायलीस गं?" असं नागोरावांनी विचारलं की "जेवायलेय, बाबा" असं उत्तर जायचं, आणि फोन ठेवून ती थेरगावातल्या शेजारणीशी बोलायला लागली की "करतेय", "जातेय" सुरू. ही ये-जा तिला इतकी सवयीची झाली होती की तिच्यात ती कधी अडखळली नाही. अडखळली ती एका अशा शब्दावर, जो वसमतलाही आहे आणि नारायण पेठेतही आहे, आणि ज्याच्या वाटेला कोणी कधी शंका घेऊन गेलं नव्हतं.

नागोराव एकतीस वर्षं एसटीत कंट्रोलर होते. कुठली गाडी कधी सुटणार आणि कोणती आज सुटणारच नाही, हे भोंग्यातून सांगायचं हे त्यांचं काम. त्यांच्या खोलीत बसून अभ्यास केलेली ही मुलगी नांदेडला इंजिनियर झाली, पुण्यात आली, सात वर्षं एका कंपनीत कोड लिहिला. मग सुदर्शनशी लग्न, मग सृष्टी. सुदर्शन चाकणला मशीनशॉपमध्ये शिफ्टने काम करतो, घरात तिसरं मोठं माणूस नाही, तेव्हा नोकरी कोणी सोडायची हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. पाच वर्षं गेली. सृष्टी शाळेत जायला लागली आणि सत्यशीलाने पुन्हा अर्ज पाठवायला सुरुवात केली.

सव्वीस ठिकाणी मुलाखती झाल्या. सगळीकडे तोच प्रश्न, "ही पाच वर्षं काय केलंत?" खरं उत्तर दिलं की समोरचा माणूस समजूतदारपणे मान हलवायचा आणि पुन्हा फोन यायचा नाही. सत्ताविसाव्या ठिकाणी, हिंजवडीतल्या तेवीस माणसांच्या एका छोट्या कंपनीत, मालक आमोद म्हणाला, "सहा महिने बघू. जमलं तर पर्मनंट, नाही तर दोघांनीही वाईट वाटून घ्यायचं नाही." वाईट वाटून न घेणं आमोदला सोपं होतं. सत्यशीलाला माहीत होतं की इथून परत जावं लागलं तर अठ्ठाविसावी मुलाखत द्यायचं बळ आपल्यात उरलेलं नाही.

तालुक्याच्या गावांतल्या डायलिसिस केंद्रांमध्ये पेशंटच्या पाळ्या लावायचं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवायची. मशीन बंद पडलं तर पाळ्या आपोआप दुसरीकडे हलवायच्या आणि पेशंटला मेसेज पाठवायचा, हा भाग सत्यशीलाकडे आला. आधीचा आराखडा पाळीच्या दोन तास आधी मेसेज पाठवायचा. तिने तो पाहिला आणि विचारलं, "दोन तास आधी? माणूस तोवर एसटीत बसलेला असतो." खेड्यातून पहिली गाडी पकडून येणाऱ्या पेशंटला मेसेज आदल्या संध्याकाळीच गेला पाहिजे, आणि तेव्हा नाही जमलं तर त्याच्या गावची गाडी सुटायच्या आत. हिंजवडीतल्या कोणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं, कारण तिथे सगळे कंपनीच्या बसने येतात आणि ती बस वेळेवर येईल अशी कोणाचीच अपेक्षा नसते. तिने तीन आठवडे खपून ते काम पुरं केलं. शुक्रवारी अकरा वाजता ते केंद्रांच्या लोकांना दाखवायचं होतं. योगायोग म्हणा किंवा आमोदचा हिशेबीपणा म्हणा, तिचे सहा महिनेही त्याच शुक्रवारी संपत होते.

आता इथे दीनानाथ सर येतात. वय छप्पन, राहणार नारायण पेठ, स्वभाव राहणार तिथलाच. कंपनीतले सगळ्यात जुने. जगातल्या झाडून सगळ्या माणसांना ते "आपण" म्हणत. वॉचमनला "आपण जरा गेट उघडता का?", काल लागलेल्या पोरीला "आपण हे कुठे शिकलात?" राग आला की आदर आणखी वाढायचा. ते "आपण कृपया" म्हणाले की लोक खुर्ची मागे सरकवायचे.

त्यांच्याकडे काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचा घोटाळा समजायचा नाही. एकाच सॉफ्टवेअरमध्ये दहा जणांनी एकदम हात घातला तर खिचडी होते. म्हणून प्रत्येक जण मूळ प्रतीवरून एक फांदी काढतो, तिला ब्रांच म्हणतात, आणि तिथे आपलं काम करत बसतो. मूळ प्रतीला म्हणतात मेन, केंद्रांमध्ये चालते ती हीच. काम झालं की फांदी मेनमध्ये परत घालायची. त्याच्या दोन तऱ्हा. पहिली मर्ज, म्हणजे दोन्हीकडचं जसं झालं तसं राहू द्यायचं, शेवटी एक गाठ मारायची आणि का मारली ते त्या गाठीवर लिहायचं. दुसरी रिबेस. तिच्यात आपलं काम तुकड्या-तुकड्याने उचलून मेनच्या आजच्या टोकावर पुन्हा ओळीने रचायचं, जणू सगळं आज सकाळीच बसून केलं. गाठ कुठे दिसत नाही, इतिहास सरळ रेघेसारखा. आणि दोघांनी एकाच ओळीला हात लावला असला की दोन्ही तऱ्हांमध्ये यंत्र थांबतं आणि विचारतं, कोणाचं ठेवू?

मेनची राखण दीनानाथ सरांकडे होती आणि गाठींचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. त्यांच्या नियमांच्या फाईलमध्ये स्वच्छ मराठीत लिहिलं होतं, "सर्वांनी रिबेस करावे. गाठी मारायची हौस असल्यास ती घरी भागवावी." चार वर्षं मेनची रेघ ताणून बांधलेल्या दोरीसारखी सरळ होती. सत्यशीलाच्या जुन्या कंपनीत सगळे मर्जच करायचे. रिबेस तिने इथे येऊन दोन-तीनदा केला होता, तोही छोट्या कामावर, जिथे यंत्राने काही विचारलंच नव्हतं.

गुरुवारी सकाळी नऊ चाळीसला तिने रिबेस सुरू केला. काम चौदा तुकड्यांचं होतं. पहिल्याच तुकड्याला यंत्र थांबलं. पाळ्यांच्या ज्या लांबलचक फाईलमध्ये तिचं बहुतेक काम होतं, तिच्यात दीनानाथ सरांनीही काहीतरी बदल केले होते. पडद्यावर दोन बटणं आली. एकावर लिहिलं होतं "अवर्स" आणि दुसऱ्यावर "देअर्स". एक आपलं, एक त्यांचं. पण आपण कोण आणि ते कोण?

तिने शहाणपणा केला नाही, सरांना फोन लावला. सर कंपनीच्या बसमध्ये होते आणि बस शिवाजी चौकाच्या अलीकडे वीस मिनिटं जागची हलली नव्हती.

"सर, रिबेस करतेय. पाळ्यांच्या फाईलमध्ये तुमचेही बदल आहेत आणि माझेही. कोणाचं ठेवू?"

"आपलं ठेवा."

"सगळीकडे?"

"सगळीकडे. यात फोन करण्यासारखं काय आहे?"

फोन बंद. सत्यशीलाने पडद्याकडे पाहिलं. आपलं ठेवा, आणि बटणावर लिहिलंय "अवर्स", म्हणजे आपलं. शब्दाला शब्द बसला. तिच्या घरी आपलं शेत म्हणजे सगळ्यांचं शेत, आपली माणसं म्हणजे आपण सगळे. समोरच्या एकट्याचं असेल तर ते तुमचं. आपलं म्हणजे कंपनीचं, मेनमधलं, असाच त्याचा अर्थ होता, दुसरा असू शकतो हे तिच्या मनातही आलं नाही. जुळत नाहीत तेवढ्याच ओळी मेनच्या राहतील, बाकीचं काम टिकेल, असं तिने धरलं. यंत्राने अकरा वेळा विचारलं आणि तिने अकरा वेळा "अवर्स" दाबलं. शेवटी हिरव्या अक्षरांत "यशस्वी" असं आलं. नियमाप्रमाणे तिने कंपनीच्या सर्व्हरवरची आपली जुनी ब्रांचही पुसून त्या जागी ही नवी ठेवली आणि चहा आणायला गेली.

चहा घेऊन आल्यावर सहज म्हणून तिने स्वतःचा भाग उघडला. "मशीन बंद" हे बटण नव्हतं. तिने पान पुन्हा उघडलं. बटण नव्हतं. तिने फाईल उघडली, खालपर्यंत गेली, वर आली. संध्याकाळचा मेसेज नव्हता, पहिल्या गाडीचा नव्हता, काही नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी फाईल जशी होती तशीच होती, फक्त डावा समास जरा नीटनेटका दिसत होता. तिने चहाचा कप कीबोर्डच्या कडेला तसाच ठेवला आणि पान तिसऱ्यांदा उघडलं.

"ताई, काय झालं?" शेजारच्या टेबलावरच्या स्पृहाने विचारलं. स्पृहा चोवीस वर्षांची, मनाने चांगली, आणि सगळ्या संकटांवर तिच्याकडे एकच औषध.

"माझं काम गेलं. सगळं."

"अगं चिल! असं झालं ना की मी काय करते, पूर्ण फोल्डरच डिलीट मारते आणि सर्व्हरवरून फ्रेश घेते. सगळे तेच करतात."

सर्व्हरवरचंही आपण आत्ताच आपल्या हाताने पुसलंय, हे सत्यशीलाला कुठेतरी आठवत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार. कदाचित तिकडे जुनं काही राहिलं असेल. तिच्या डोक्यात एव्हाना उद्याचा शुक्रवार होता, आमोदचा समजूतदार चेहरा होता, आणि वाईट वाटून घ्यायचं नाही हे वाक्य होतं. तिने फोल्डर निवडला आणि काढून टाकायचं बटण दाबलं. यंत्राने विचारलं, फोल्डर मोठा आहे, कचरापेटीत मावत नाही, कायमचा काढू का? तिने बाण "होय" वर नेला.

"थांब! हात लावू नकोस त्याला!"

अख्खा मजला वळून पाहायला लागला. तिच्या खुर्चीमागे दीनानाथ सर उभे होते. शिवाजी चौकातून चालत आलेले, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, डबा अजून हातात. त्यांच्या तोंडून "तू" निघालेलं त्या कचेरीत कोणी कधी ऐकलं नव्हतं. सत्यशीलाने माऊसवरचा हात असा उचलला जसा तापल्या तव्यावरून उचलतात.

सरांनी आधी "नाही" दाबलं. मग खुर्ची ओढली. "आता सांगा."

"तुम्ही म्हणालात आपलं ठेवा. मी ठेवलं."

"मग बरोबर. आपलंच ठेवायचं होतं."

"आपलंच ठेवलंय, सर!"

"आपलं कुठे ठेवलंत? हे सगळं माझं आहे. मी या फाईलमध्ये नुसता समास सरळ केला होता, तो घेऊन काय करायचंय? मी स्पष्ट सांगितलं, आपलं ठेवा."

"हो, म्हणून तर आपलं ठेवलं!"

दोघांचाही आवाज चढला होता आणि दोघंही तेच वाक्य बोलत होती. स्पृहाने हात वर केला, वर्गात करतात तसा. "सॉरी, एक मिनिट. आपलं म्हणजे कोणाचं?"

नारायण पेठेत आपलं म्हणजे समोरच्याचं, आदराने म्हटलेलं. आपलं नाव काय, आपलं घर कुठे. वसमतला आपलं म्हणजे सगळ्यांचं. छप्पन वर्षं हा शब्द तोंडात घोळवणाऱ्या माणसाला त्याला दुसरी बाजू असल्याचं त्या दिवशी आठवलं, आणि ते त्यांच्या कपाळावर दिसलं.

"शिवाय," ते म्हणाले, आणि आवाज खाली आला होता, "रिबेसमध्ये अवर्स म्हणजे आपलं नसतंच. म्हणजे... तुमचं नसतं. तेव्हा यंत्र मेनवर उभं असतं आणि तुमचेच तुकडे परक्यासारखे आत घेत असतं. त्याच्या लेखी अवर्स म्हणजे मेन आणि देअर्स म्हणजे तुम्ही. नवा माणूस इथे हमखास फसतो. मी स्वतः फसलोय. देअर्स दाबा, एवढंच मी सांगायला हवं होतं."

"मग आता?" सत्यशीलाने विचारलं.

"आता काही नाही. काम कुठे गेलेलं नाही."

सत्यशीलाला वाटलं, हे आपली समजूत काढायलेत. पण दीनानाथ सर समजूत काढणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांनी सांगितलं की आपण कुठे कुठे उभे होतो याची एक रोजनिशी यंत्र स्वतःहून ठेवतं. काम फांदीवरून निसटलं तरी ते लगेच फेकून देत नाही, महिनाभर तरी सांभाळतं. या रोजनिशीला रेफलॉग म्हणतात. "फक्त ती याच फोल्डरच्या आत असते. सर्व्हरवर नसते. आपण... तुम्ही मघाशी होय म्हणाला असतात, तर मग ब्रह्मदेवालाही सापडलं नसतं." स्पृहा आपल्या टेबलावरच्या रोपाला पाणी घालायला लागली.

त्यांनी तिला एक छोटी आज्ञा टाइप करायला लावली. स्वतः कीबोर्डला हात लावला नाही. पडद्यावर ओळी आल्या. वरून खाली रिबेसचा सगळा पसारा, आणि त्याच्या खाली, बुधवारी संध्याकाळी सहा वीसची, तिनेच लिहिलेली ओळ होती, "मशीन-बंद पाळी: शेवटची तपासणी". सत्यशीलाने ती दोनदा वाचली. मग सरांनी सांगितलं तशी दुसरी आज्ञा टाइप केली. घाईत एक अक्षर तीनदा चुकलं. तिने आपला भाग उघडला.

"मशीन बंद" हे बटण जागेवर होतं. चौदाच्या चौदा तुकडे होते. संध्याकाळचा मेसेज होता, पहिल्या गाडीचा होता. सत्यशीलाचा जीव भांड्यात पडला, आणि पडला तो आवाज करून, कारण ती सगळ्यांसमोर रडायला लागली. तिला त्याची जराही लाज वाटली नाही. स्पृहाने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि स्वतःही डोळे पुसले.

"मेनमध्ये मी घेतो," दीनानाथ सर उठत म्हणाले. "तुम्ही जेवून घ्या."

एवढंच. माफी वगैरे काही नाही. ती अपेक्षाही नव्हती. पण दुपार होईतो कचेरीत बातमी फिरली होती आणि बातमी फिरताना हलकी होते, तिच्यातलं "आपलं" गळून पडतं. उरलं एवढंच की सत्यशीलाने डेमोच्या आदल्या दिवशी सगळं काम उडवलं. चारच्या सुमारास आमोद तिच्या टेबलावरून गेला आणि म्हणाला, "सकाळी बराच गोंधळ झाला म्हणे. उद्या डेमो झाला की बोलू." तो हसून म्हणाला, पण सव्वीस जणांचं हसणं तिने पाहिलं होतं. काम परत मिळालं, आता नोकरी जाते की काय या धास्तीने तिने घरी भाजीत मीठ दोनदा घातलं. सुदर्शन मुकाट्याने जेवला.

शुक्रवारी डेमो झाला. केंद्रांचे सहा जण पडद्यावर होते. सत्यशीलाने एक मशीन बंद पाडून दाखवलं, पाळ्या सरकल्या, मेसेज गेले. एका तंत्रज्ञ बाईंनी विचारलं, "म्हणजे पेशंट गाडीत बसायच्या आधी त्याला कळेल?" सत्यशीला म्हणाली, "हो. त्याच्या गावची पहिली गाडी सुटायच्या आत." त्या बाई म्हणाल्या, "मग हेच पाहिजे आम्हाला. परवा एक आजोबा साठ किलोमीटर येऊन परत गेले." बाकीचं दाखवायची गरज उरली नाही.

साडेबाराला आमोदने तिला खोलीत बोलावलं. ती रात्रीपासून ठरवून आली होती की विचारलं तर कोणाचं नाव घ्यायचं नाही. आमोदने तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "सर, काल बटण मी दाबलं होतं."

"हो, काय झालं ते वाचलं मी," आमोद म्हणाला आणि त्याने आपला पडदा तिच्याकडे वळवला.

पडद्यावर मेनचा इतिहास होता. खालून वर येणारी एक सरळ रेघ, चार वर्षांची. आणि अगदी वरच्या टोकाला तिच्यात एक फांदी येऊन मिळाली होती, आणि तिथे गाठ होती. दीनानाथ सरांनी मर्ज केला होता. गाठीवर लिहिलं होतं:

"मशीन-बंद पाळीचं काम. चौदा तुकडे, सर्व सत्यशीला साखरे यांचे. गुरुवारी हे काम काही वेळ नाहीसं झालं होतं. कारण, मी दिलेली अर्धवट सूचना. त्यांनी विचारलं होतं. मी नीट सांगितलं नाही. चूक माझी. दीनानाथ."

"मी त्यांना विचारलं, ही गाठ कशी काय?" आमोद म्हणाला. "तर म्हणाले, रिबेसमध्ये हे लिहायला जागा नसते." त्याने खणातून एक पाकीट काढून तिच्यापुढे ठेवलं. "पत्र परवाच तयार होतं, पण काल जे कानावर आलं त्याने मी जरा थांबलो होतो, खोटं कशाला बोलू. सोमवारपासून तुम्ही पर्मनंट."

पाकीट घेऊन ती बाहेर आली. दीनानाथ सर आपल्या जागी बसून कोणाच्या तरी ब्रांचमधल्या चुका काढत होते. ती त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"सर, चार वर्षांची सरळ रेघ तुम्ही माझ्यासाठी मोडलीत."

त्यांनी पडद्यावरून नजर हलवली नाही. "मोडली. तुमचं काम गेलं असतं आणि रेघ सरळ राहिली असती, तर ती मला रोज बघावी लागली असती."

सत्यशीला जागेवर येऊन बसली, पाकीट मांडीवर ठेवलं, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा तिने छाती भरून श्वास घेतला.